छोट्या लाईनच्या वाघिणी

रिकाम्या घरात आवाज मोठा होतो. बोळिंजच्या आमच्या विकलेल्या फ्लॅटमधलं सामान टेम्पोतून गेलं, भिंतींवर कपाटांच्या आकाराचे फिकट चौकोन तेवढे उरले, आणि दादाने फरशीवरच मांडी घालून लॅपटॉप उघडला. "शेवटचं एकदा इथे चालवतो," म्हणाला. पडद्यावर उजाडलं. कडुलिंबाची झाडं, पलीकडे काळं रान, आणि त्यातून एक इवलीशी मालगाडी हलत-डुलत आली. खडक-खट्, खडक-खट्. अरुंद रुळांवरच्या बुटक्या वाघिणी. त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आला. आणि मला तोच जुना हेवा वाटला, जो या घरात एके काळी रोज संध्याकाळी वाटायचा. आता केस पिकायला लागलेत माझे. पण हेव्याला वय कळत नाही.

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे मला फार लवकर कळलं आणि फार उशिरा समजलं. बालवाडीत बाईंनी विचारलं होतं, बाबा काय करतात. मी सांगितलं, आधी वाघिणी घेऊन जायचे, आता नाही. बाई हसल्या. घरी येऊन मी रडत सांगितलं तर आईसुद्धा हसली, बाबा हसले, आणि सगळ्यांत जास्त दादा हसला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा होता तो. डोळे पुसत म्हणाला, "अगं चिमे, पट्टेवाली वाघीण नव्हे. तुला काय माहीत म्हणा, तू तेव्हा नव्हतीस."

तू तेव्हा नव्हतीस. आमच्या घरात हे वाक्य मिठासारखं होतं, रोजच्या जेवणात असायचं.

'तेव्हा' म्हणजे बार्शीकडच्या छोट्या लाईनवर. बाबा तिथे मालगाडीचे गार्ड होते. स्टेशनामागे रेल्वेचं क्वार्टर, दारात कडुलिंब. दादा तिथेच जन्मला, तिथेच शाळेत गेला. रूळ इतके जवळजवळ की दोन रुळांवर दोन पाय टेकून तो उभा राहायचा म्हणे, राजासारखा. मग बाबांची बदली मुंबईच्या यार्डात झाली, बिऱ्हाड विरारच्या बोळिंजला आलं, आणि त्यानंतर मी झाले. घरात तिघेजण तिकडचे, आणि मी एकटी इकडची.

आई तरी माझ्या बाजूने असावी की नाही? पण तिलाही तिकडचंच वेड. वरणाला तूरडाळ धुवायला घेतली की ती ओली डाळ नाकाशी नेऊन म्हणायची, "गुड्स शेडमध्ये असाच वास यायचा बघ. पोती भिजली की." एकदा तिने सांगितलं, दादाच्या वेळी तिच्या बाळंतपणातलं अंघोळीचं पाणी इंजिनातून यायचं. गाडी स्टेशनात उभी राहिली की ड्रायव्हर बादली भरून कडकडीत पाणी सोडायचा, आणि खलाशी ती बादली क्वार्टरच्या पायरीवर आणून ठेवायचा. "त्या पाण्याला कोळशाचा वास यायचा, पण अंग कसं हलकं व्हायचं."

"आणि माझ्या वेळी?" मी विचारलं.

"तुझ्या वेळी?" आई म्हणाली, "टँकरचं पाणी, विरारला. स्टोव्हवर तापवलेलं."

माझ्या भावाचं बाळंतपण इंजिनाच्या पाण्याने झालं आणि माझं टँकरच्या.

बोळिंजला तेव्हा इमारती कमी, भाताची शेतंच जास्त होती. पावसाळ्यात बेडूक ओरडायचे, त्या आवाजात टीव्हीवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत. हिवाळ्यात शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहायच्या आणि गच्चीवर गेलं की कुठूनतरी वाफाळलेल्या भाताचा वास यायचा. मी हे सगळं जगत होते, पण ते मोजत नव्हते. माझा सगळा हिशेब जे मला मिळालं नाही त्याचा होता.

दादाला नोकरी लागली आणि घरात कॉम्प्युटर आला. हॉलच्या कोपऱ्यात, टेबलावर. मॉनिटरवर आईने विणलेलं पांढरं झाकण. सुरुवातीला त्याच्यावर आम्ही पत्ते खेळायचो, मीही खेळायचे. मग दादाने कुठूनतरी गाड्या चालवायच्या खेळाची सीडी आणली. त्यात परदेशातल्या गाड्या होत्या, बर्फातून जाणाऱ्या, बोगद्यांतून बाहेर पडणाऱ्या. बाबा खुर्ची ओढून बघायला बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "झकास आहे. पण ह्यात आपली छोटी गाडी नाही रे."

त्या दिवसापासून दादाने वाघिणी बांधायला घेतल्या.

ते बांधणंच होतं. आधी पडद्यावर नुसता रेषांचा खोका. मग त्याला दारं, दारांना कड्या, खाली चाकं, टोकाला सांधा. प्रत्येक गोष्टीला बाबांची साक्ष लागायची. संध्याकाळी दादा कामावरून आला, चहा झाला की दोघं कोपऱ्यात बसायचे, माझ्याकडे पाठ करून. एक तरुण पाठ, एक वाकलेली पाठ. त्यांच्या बोलण्याचे तुकडे अजून माझ्या कानात आहेत.

"दार सरकतं होतं की उघडतं?"

"उघडतं. दोन्हीकडे पंखांसारखं. शेंगांची पोती खालनं वर फेकायचे हमाल, मग दार आड यायचं, मग शिव्या."

"छपराचा बाक जास्त झाला का?"

"थोडा दाब. अजून. हां... थांब, थांब. हां, हीच ती."

'हीच ती' म्हणताना बाबांचा आवाज ओला व्हायचा. माझ्या एकाही गोष्टीवर, माझ्या निबंधावर, माझ्या बक्षिसाच्या पेल्यावर तो आवाज तसा झालेला मी ऐकला नव्हता. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून समोरच्या दिवाणावर बसायचे आणि एकच ओळ वाचत राहायचे.

वाघिणीला गंज हवा होता. दादाने आमच्या इमारतीच्या फाटकाचा, पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा फोटो काढून आणला आणि तो गंज वाघिणीच्या अंगावर चढवला. मला ती युक्ती फार आवडली. मी उठून जवळ गेले. "रंग मी देऊ का? माझी चित्रकला चांगली आहे." खरंच चांगली होती.

दादा प्रेमानेच म्हणाला, "अगं, पण तो रंग तू बघितलेला नाहीस ना."

"सांगा मला. मी काढते."

बाबांनी प्रयत्न केला. "तांबडा. म्हणजे तांबडा नव्हे. विटेवर धूळ बसून पाऊस पडून गेला, की कसं दिसतं... तसा." मग दादाकडे बघून म्हणाले, "ह्याला ठाऊक आहे." आणि दोघं हसले. दोघांच्या डोळ्यांपुढे एकच भिंत होती, आणि मी त्या भिंतीच्या या बाजूला उभी होते.

माझ्या दहावीच्या परीक्षेच्या सुमारास बाबा आणि दादा तिकडे जाऊन आले. मोडीत निघालेल्या काही वाघिणी अजून यार्डात उभ्या आहेत, असं कुणीतरी कळवलं होतं. मला नेणं शक्यच नव्हतं, भूगोलाचा पेपर होता. ते परतले तेव्हा पिशवीत बार्शीची तूरडाळ होती, फोटोंचा रोल होता, आणि मापं घ्यायला नेलेली आईची शिवणकामाची टेप होती, काळ्या वंगणाने माखलेली. आई टेपेवरून करवादत राहिली. मी ती टेप मोरीवर नेली, आणि धुण्याआधी तिचा वास घेतला. तेल, लोखंड, ऊन, आणि कसलंतरी जुनं धान्य. तिकडचं एवढंच माझ्या वाट्याला आलं. मी साबण लावला.

दादाची एक गोष्ट होती. पाहुणे आले की ती व्हायचीच. तो सहा-सात वर्षांचा असताना बाबांनी त्याला एकदा मालगाडीच्या शेपटाला असलेल्या गार्डाच्या डब्यातून येडशीपर्यंत नेलं होतं. वाटेत तो तुरीच्या पोत्यांवर झोपला. अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून बाबांनी आपला हिरवा बावटा त्याच्यावर पांघरला. जाग आली तेव्हा गाडी उभी होती आणि रामलिंगच्या डोंगरातली माकडं डब्याच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. "हिरवाच का, लाल का नाही?" पाहुणे विचारायचे. बाबा ठरलेलं उत्तर द्यायचे, "लाल पांघरला असता तर पोरगं वाढायचं थांबलं असतं." सगळे हसायचे. मी पाण्याचे पेले उचलून आत जायचे.

त्या डब्यासाठी मी दादावर किती जळले! वाघीण बांधून झाली, दुसरी झाली, उघडी झाली, तेलाच्या टाकीची झाली, आणि शेवटी त्याने तो गार्डाचा डबाही बांधला. पडद्यावर त्याची छोटी खिडकी उजळली तेव्हा बाबांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक इंटरनेटवरून त्या वाघिणी उतरवून घेत होते, कौतुकाचे निरोप पाठवत होते. तिथले अनोळखी लोकसुद्धा त्या डब्यात बसून फिरत होते. मी कधीच तो खेळ चालवला नाही. दादा म्हणायचा, "ये, बस, तू चालव." मी म्हणायचे, "मला नाही आवडत गाड्या."

मग दादाचं लग्न झालं, तो पुण्याला गेला. पुढे आई गेली. कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण पिवळं पडत गेलं. आणि बाबांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. मला कधी आईच्या नावाने हाक मारायचे, कधी त्यांच्या बहिणीच्या. मी जवळच्याच शाळेत शिकवत होते, इथेच राहत होते, त्यामुळे हे सगळं माझ्या देखत झालं, हळूहळू, एकेक दिवा मालवावा तसं.

एका दुपारी दादा आला होता. त्याने नवा लॅपटॉप आणला होता, त्यावर जुन्या वाघिणी घातल्या होत्या. बाबांना बाल्कनीत खुर्चीवर बसवून त्याने पुढ्यात गाडी सुरू केली. बाबा बघत राहिले. दादाचा चेहरा मला दिसत होता. एखाद्या मुलाने चित्र दाखवून वाट बघावी तसा. शेवटचा डबा पडद्यावर आला आणि बाबांचं बोट उठलं.

"ह्यातच होती ही."

"कोण, बाबा?" दादाने विचारलं.

"ही की." बाबांनी माझा हात धरला. "येडशीला नेली होती मी हिला. पोत्यांवर झोपली. अंगावर बावटा घातला माझा, हिरवा. आणि काय सांगू, चिकट हात सगळे! सुकेळी खात होती. सगळा डबा चिकट करून ठेवला पोरीनं."

मी दादाकडे बघितलं. त्याचा हात माऊसवर तसाच होता. गाडी पुढे निघून गेली, पडद्यावर नुसते रूळ उरले. मला वाटलं, आता तो म्हणेल. म्हणायला हवं होतं त्याने. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

"हो बाबा," दादा म्हणाला. "हीच होती."

"माकडं बघून घाबरली नाही पण."

"नाही घाबरली. तुमचीच पोरगी ती."

बाबा खुश झाले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि थोपटत राहिले. ज्याच्यासाठी मी सारं लहानपण आणि सारं तरुणपण कुढले, ते त्या दुपारी न मागता माझ्या ओंजळीत पडलं. आणि मला ते घेववेना, टाकवेना.

मी स्वयंपाकघरात गेले. दादा मागून आला.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

तो माठातलं पाणी प्यायला, मग म्हणाला, "कशाला? त्यांना आता त्या डब्यात एकच पोर दिसतंय. तू बस." माठावर झाकण ठेवत म्हणाला, "मी पुष्कळ बसलो."

एवढं बोलून तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. त्याची मान मला मागून दिसत होती, आणि मानेवरूनच कळत होतं. हेवा कसा दिसतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मला वाटलं होतं, कधीतरी त्याला माझा हेवा वाटला तर मला गार वाटेल. तसं काही वाटलं नाही.

पुढे बाबा ती गोष्ट पुष्कळदा सांगत. दर वेळी मीच असायचे, दर वेळी चिकट हात आणि सुकेळी. दादा फोनवर विचारायचा, "आज काय म्हणाले?" मी सांगायचे. तो म्हणायचा, "बरं." आणि फोन लगेच ठेवायचा नाही.

सुकेळी हा शब्द मात्र माझ्या मनात बाभळीच्या काट्यासारखा रुतून राहिला. बाबा गेले, त्यानंतर एका सकाळी बाजारातून येताना मला एका टोपलीत सुकेळीच्या जुड्या दिसल्या. राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधलेल्या. मध आणि धूर मिसळल्यासारखा वास. मी तिथेच उभी राहिले. बार्शीकडे कुठली आली सुकेळी? तिकडे ती कुणाला माहीतही नव्हती. ती आमच्या इकडची. वसईची.

आणि मग एकदम सगळं आलं. सायकल. बाबांची काळी, उंच सायकल, पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळलेला, कारण दांडी मला रुतायची. रविवारी बाबांना सुटी असली आणि थंडीचे दिवस असले की आम्ही दोघंच निघायचो. दादाचे क्लास असायचे, आईला कामं असायची. बोळिंज मागे पडायचं, उमराळ्याला पानवेलींचे मांडव लागायचे, निर्मळच्या तळ्याशी बाबा सायकल थांबवून तोंड धुवायचे. पुढे रस्ता अरुंद व्हायचा. दोन्हीकडे वाड्या, केळीची पानं अंगावर यायची, रहाटाचा कुरकुर आवाज, चर्चची घंटा, कुठे सोनचाफा. माझ्या डोक्यावर बाबांची हनुवटी असायची आणि चढ आला की त्यांचा श्वास माझ्या केसांत लागायचा. ते गाणी म्हणायचे नाहीत, गोष्टी सांगायचे नाहीत. नुसते मधूनमधून म्हणायचे, "पाय सांभाळ."

भुईगावात एका वाडीत ते सायकल लावायचे. तिथली म्हातारी डोक्यावरचं फडकं सारखं करत पुढे यायची. "पोरीला पानी दे आधी, ऊन केवढं हाय," असं आत कुणालातरी ओरडून सांगायची. अंगणात बांबूच्या मांडवावर केळी वाळत पडलेली असायची, मधमाश्या घोंगावत असायच्या. म्हातारी एक अर्धवट वाळलेलं केळं माझ्या हातात द्यायची. परतीच्या वाटेवर मी ते खात यायचे आणि सायकलच्या मुठी, घंटी, बाबांचे हात, सगळं चिकट करून ठेवायचे. बाबा रागवायचे नाहीत. घरी आल्यावर माझे हात धुवायचे, मग स्वतःचे.

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. डोळे कायम दादाच्या डब्यावर लागलेले. बाबांच्या विझत चाललेल्या डोक्यात मात्र तो सायकलवरचा रविवार गाडीला जोडला गेला होता. बाकीचं सगळं विस्कटलं तरी माझे चिकट हात त्यांनी सोडले नव्हते.

रिकाम्या हॉलमध्ये गाडी फेरी पूर्ण करून स्टेशनात आली. दादाने लॅपटॉप मिटला नाही. पडद्याकडे बघतच म्हणाला, "एक विचारू? ते सुकेळीचं कुठून आलं असेल गं? इतकी वर्षं डोक्यात आहे माझ्या. मी तर तुरीच्या पोत्यावर होतो. माझ्या हातात काहीच नव्हतं."

मी त्याला सांगितलं. सायकल, टॉवेल, तळं, म्हातारी. सांगताना माझा आवाज जरा चढलाच असावा, आणि सांगण्यात नको तितकी चव आली असावी. केसांतला श्वास सांगताना मी मुद्दाम हळू झाले. तो ऐकत होता. मधेच त्याने विचारलं, "म्हणजे दर रविवारी?"

"दर नाही. थंडीत. सुटी असली की."

"मला कधीच म्हणाले नाहीत चल म्हणून."

"तुझी दहावी होती ना."

"दहावी काय..." तो म्हणाला. पन्नाशीकडे आलेला माणूस, पण ओठ तसाच पुढे काढला त्याने, लहान मुलासारखा. मला खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला फार छान वाटलं. आणि लगेच, त्याच्याविषयी इतकी माया वाटली की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दाखव," तो म्हणाला.

"आता?"

"आता. किल्ली संध्याकाळी दिली तरी चालेल."

आम्ही दार ओढून घेतलं आणि त्याच्या गाडीतून निघालो. बोळिंज संपता संपत नव्हतं, इमारतींमागून इमारती. उमराळ्याला एक-दोन पानवेली उरल्या होत्या, त्या मी त्याला बोटाने दाखवल्या. निर्मळला तो आपणहून थांबला. "इथे तोंड धुवायचे?" म्हणाला, आणि उतरून तळ्याच्या पायरीपर्यंत जाऊन आला. पुढे रस्ता अरुंद झाला, केळीची पानं काचेला घासायला लागली. दादाने काच खाली घेतली. वाडीची ती जागा ओळखायला मला वेळ लागला. आता तिथे पक्कं घर होतं, अंगणात फरशी होती, मांडव नव्हता. घराला कुलूप होतं. समुद्राकडून वारा येत होता आणि सुरूची झाडं वाजत होती.

दादा गाडीतून उतरला, कुंपणापाशी उभा राहिला. त्याने आत बघितलं, इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं,

"सायकल कुठे लावायचे?"

मी पुढे झाले, आणि त्याला जागा दाखवली.